काचवाल्यांची मंडळी

खोटं बोलणं मुळीच न जमणारा माणूस उभ्या सिल्वासात एकच होता, आणि तो नेमका आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. ओळखीची सुरुवात माझ्या वेंधळेपणाने झाली. आमलीतल्या सरकारी खोल्यांत आम्ही नवीन बिऱ्हाड केलं तेव्हा शेजारधर्म म्हणून मी त्यांच्याकडे डोकावलो. फळीवर पाच वाट्या दही. एकटा माणूस एवढं कधी खाणार, अशा परोपकारी विचाराने, ते आतून चहा घेऊन येईपर्यंत मी एक वाटी चाटून पुसून साफ केली. ते आले, वाटीकडे बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही एक घराणं बुडवलंत."

ते सरकारी दवाखान्यात रक्त, थुंकी वगैरे काचेच्या पट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासत. म्हणून सगळं गाव त्यांना काचवाले म्हणे. मूळचे वसईकडचे, एकटेच. जंतूंना ते 'मंडळी' म्हणत आणि त्यांच्याविषयी इतक्या अदबीने बोलत की वाटावं, लग्नाचं वऱ्हाड उतरलंय. पाच वाट्यांत पाच घरांची विरजणं होती. एकाच घरची मंडळी सगळी एका स्वभावाची, एखादा उन्हाळा वाईट गेला की सगळी एकदम जातात, असं त्यांचं म्हणणं. मला हे खूळ वाटलं. पण त्या मे महिन्यात साऱ्या आळीच्या दह्याला तार सुटली, आणि राखोलीच्या एका म्हातारीकडून आणलेली त्यांची एकच वाटी तेवढी घट्ट राहिली. ती घेऊन ते दारोदार चमचा-चमचा विरजण वाटत हिंडले. खरेपणाचं म्हणाल, तर एका साहेबांकडे जेवताना बासुंदी कशी झालीय असं विचारल्यावर "मंडळी सकाळीच येऊन पोचलेली आहेत" असं त्यांनी यजमानीणबाईंना सांगितलं होतं. पुन्हा तिथून बोलावणं आलं नाही. त्यांना त्याचं नवल वाटलं.

पुढच्या वर्षी मला क्षय झाला. मुलगी छकुली तेव्हा जेमतेम वर्षाची. रोज सुया, एक बारीक गोळी आणि शिवाय जाडजूड गोळ्या, मूठमूठभर. जाड गोळ्यांनी पोट असं ढवळून निघे की शाळेत फळ्याला धरून उभं राहावं लागे. सुया संपल्या, खोकला थांबला, वजन वाढलं. तेव्हा मी स्वतःच डॉक्टर झालो. बारीक गोळी गिळायची आणि जाड गोळ्या मागच्या दारी दोडक्याच्या वेलाखाली पुरायच्या. वेल काय फोफावला म्हणता! मला तर त्याचाही अभिमान वाटू लागला.

एका सकाळी काचवाले दारात उभे. मान खाली. म्हणाले, "मास्तर, काचेवर दिसलं मला. जाड गोळ्या सोडल्यात तुम्ही."

काचेवर एवढंही दिसतं?

ते उंबऱ्यावरच बसले. "वर्गात पोरं फळ्यावरचं उतरवून घेतात, त्यात एखादं चुकतंच ना? मंडळीही वाढताना स्वतःची नक्कल करतात आणि लाखांत एखाद्याची चुकते. बहुतेक चुका त्यांनाच नडतात. पण एखादी चूक अशी लागू पडते, की ती करणाऱ्याला बारीक गोळी बाधत नाही."

"एकच ना?" मी म्हटलं.

"आज एकच. त्याला धरायला जाड गोळी आहे. ती तुम्ही घेतली नाहीत, तर बाकीचे मरतात आणि रिकाम्या घरात त्याचाच वंश वाढतो. मग तुमच्यावर बारीक गोळी चालणार नाही. आणि तोच छकुलीला लागला, तर तिच्यावरही नाही."

उगाच काहीतरी म्हणायचं म्हणून विचारलं, चूक त्यांच्या पथ्यावर पडते तर ते भराभर चुकत का नाहीत? "फार चुकणारे टिकत नाहीत. कधीच न चुकणारेही टिकत नाहीत. बेताने चुकणारे टिकतात," ते म्हणाले. मी म्हटलं, म्हणजे मला दीर्घायुष्य आहे. ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून वर्षभर, भर पावसातसुद्धा, सकाळी साडेसातला छत्री मिटून ते दारात उभे. मी गोळ्या गिळायच्या, मग "आ करा", मग "जीभ वर". छकुली बोलायला लागली तीच मुळी "आ कला" म्हणत. शेवटची काच स्वच्छ निघाली त्या दिवशी त्यांनी राखोलीची वाटी आमच्या घरात आणून ठेवली. मग त्यांची बदली झाली.

परवा त्यांच्या पुतण्याचं पत्र आलं. काचवाले गेले. संध्याकाळी ही त्याच विरजणाचं दही लावत होती. मी म्हटलं, काय नजर होती माणसाची, काचेवर त्यांना आपल्या परसातल्या गोळ्या दिसल्या!

हिने दुधात बोट घालून ऊब पाहिली.

"अहो, काचेवर कुठे गोळ्या दिसतात? दोडक्याला पाणी मी घालत होते. मीच गेले होते त्यांच्याकडे रडत. म्हटलं, माझं नाव सांगू नका, ह्यांना लागेल. तेवढं एकदाच खोटं बोलले बिचारे. नंतर कितीतरी दिवस माझ्याकडे वर मान करून बघत नव्हते."