पाळणाघर बंद करणारे साहेब

"बाजार ठरवेल, ताई," असं ते हात जोडून म्हणायचे. त्यांचा चढलेला आवाज मी कधी ऐकला नाही. शिव्या देणारा साहेब परवडला. त्याच्याशी भांडता तरी येतं.

आमच्या भोपाळच्या सरकारी कारखान्यात ते पर्सोनेल खात्याचे मोठे साहेब होऊन आले. पुण्याचे म्हणून टाउनशिपमधल्या मराठी घरांनी त्यांना गणपतीच्या आरतीचा पहिला मान दिला. त्या वर्षांत दिल्लीहून नवीच भाषा येऊ लागली होती. ज्यात फायदा नाही ते सगळं ओझं. साहेबांना सापडलेलं पहिलं ओझं म्हणजे आमचं पाळणाघर.

मी वाइंडिंगमध्ये होते. मोटारींच्या कॉइलवर टेप गुंडाळायचं काम, बहुतेक आम्ही बायाच. शेजारच्या टेबलावर यादव भाभी. तिची मुलगी अजून अंगावर पीत होती. दुपारी भाभी पळत पाळणाघरात जायची आणि ब्लाउजची बटणं लावत परत यायची. आम्ही तिला हसायचो.

पाळणाघर बंद होणार असं कळलं, तेव्हा आम्ही मुलं कडेवर घेऊन साहेबांच्या ऑफिससमोर जाऊन बसलो. ते स्वतः बाहेर आले. आधी सगळ्यांसाठी पाणी मागवलं. मग मला म्हणाले, "मुलं ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, ताई. गेटबाहेर कोणीतरी पाळणाघर काढेलच. पैसे किती घ्यायचे, ते बाजार ठरवेल."

मी ते हिंदीत सांगितलं तशी भाभी उठली. "और आपके बँगले का किराया, साहब? वो भी बाज़ार तय करेगा?"

बाया खो खो हसल्या. साहेबही हसले. "वो तो नियम का मामला है, बहनजी."

बंगला नियमात राहिला. पाळणाघराला कुलूप लागलं. गेटबाहेर कोणी काही काढलं नाही. भाभीनं मुलीला कधी शेजारणीकडे, कधी सासूकडे ठेवून पाहिलं. मुलगी वाळत चालली. शेवटी भाभीनं नोकरी सोडली. राजीनामा द्यायला मी सोबत गेले होते. साहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि तिला शुभेच्छा दिल्या.

तिच्यामागून आणखी काही जणी गेल्या. तेव्हा एका सभेत साहेब म्हणाले, "बघा, कोणालाही न काढता विभाग हलका झाला." टाळ्या पडल्या. बढती घेऊन ते दिल्लीला गेले.

तिथेच, निवृत्त व्हायच्या आधी, ते वारले. बातमी आली तशी आमच्या वाइंडिंग शॉपमध्ये मौन पाळायचं ठरलं. यंत्रं थांबली. सगळे माना खाली घालून उभे राहिले. मी टेप गुंडाळत राहिले. सुपरवायझरनं पाहिलं आणि मान पुन्हा खाली घातली.

संध्याकाळी बस धरून मी साकेत नगरला गेले. भाभी तिथे एका छोट्या दवाखान्यात आया म्हणून लागली होती. मला वाटलं, ऐकून तिला बरं वाटेल, निदान एखादी शिवी तरी हासडेल. मी सांगितलं तशी तिनं हातातली बादली खाली ठेवली.

"बच्चे कितने बड़े हैं उनके?"

"मुझे क्या पता!" मी तिच्यावरच खेकसले.

"पता तो करो, दीदी. बाप गया है उनका."

मी चौकशी केली नाही. करणारही नाही.