बिनचाकी गाडीचं लिंबू

बाबांनी कोपरीच्या स्टँडवर आयुष्यभर रिक्षा चालवली. पॅरालिसिसचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. रिक्षाचा क्लच, गिअर सगळं डाव्या हातात, म्हणजे प्रश्नच मिटला. रिक्षा कळव्याच्या एका माणसाने नेली आणि बाबा खिडकीशी बसून राहायला लागले. त्यात माझं डोकं तापट. "बोटं हलवा, बोटं हलवा" म्हणून ओरडून माझा घसा बसायचा, बोटं काही हलायची नाहीत.

शेवटी मी माझा व्हिडिओ गेम त्यांच्या पुढ्यात ठेवला. पुढच्या कुठल्यातरी शतकातली शर्यत. गाड्या जमिनीला टेकतच नाहीत, हवेत तरंगत सुसाट जातात, बोगद्यात उलट्यासुद्धा होतात. कंट्रोलरचा दांडा डाव्या अंगठ्याने फिरवला की गाडी वळते.

"अगं, हिला चाकं कुठायत?"

"नसतात. हवेत चालते."

"म्हणजे पंक्चरची कटकट नाही. बरंय."

आणि लागले की चालवायला! प्रत्येक वळणाला ब्रेक. मागून कोणी आलं की बाजूला होऊन वाट देणार. आठ गाड्यांत कायम आठवे. मी वैतागायचे, "अहो, शर्यत आहे ही, मागे पॅसेंजर नाही बसलेत!" ते म्हणायचे, "कुठे आपटलो का? नाही ना? मग झालं तर." पण अंगठा हलायला लागला होता. मी कामावरून आले की चपला काढायच्या आत बाबा सांगायचे, आज कुठल्या बोगद्यातून सुखरूप बाहेर पडलो ते.

मग दसरा आला. दरवर्षी ते रिक्षा धुवायचे, झेंडूचा हार घालायचे आणि चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढे घ्यायचे. लिंबू फुटल्याशिवाय धंद्याला निघायचं नाही, हा त्यांचा नेम. त्या दसऱ्याला मी आंघोळ करून बाहेर आले तर टीव्हीला हार, कंट्रोलर हळदीकुंकवाने माखलेला. उजव्या हाताने तो धरून, खाली लिंबू ठेवून, डाव्या तळव्याने बाबा वरून दाबत होते. लिंबू फुटलं होतं. रस आत शिरला होता.

"चाकं नाहीत, काही नाही, लिंबू कसलं ठेवताय?" मी भडकले. "खेळणं आहे ते! तुमची गाडी गेली बाबा, कळतंय का?"

त्यांनी कंट्रोलर माझ्याकडे सरकवला. मी फडक्याने कंट्रोलर पुसत बसले.

दोन दिवसांनी तो वाळून सुरू झाला. मी नेऊन हातात दिला. "राहू दे गं, तूच चालव," म्हणाले. पुन्हा त्यांनी हात लावला नाही. अंगठा परत आखडला. थंडीत दुसरा झटका आला आणि बाबा गेले.

यंदा दसऱ्याला मी तो गेम लावला. त्यांच्या सगळ्या शर्यतींची नोंद त्यात तशीच होती. आठवे, आठवे, आठवे. धडक एकही नाही. मी पहिल्याच वळणाला भिंतीवर आपटले.

मग स्वयंपाकघरातून लिंबू आणलं, कंट्रोलरखाली ठेवलं आणि डाव्या तळव्याने दाबलं. फुटेना. उभं राहून सगळा भार टाकला, तरी माझ्या धडधाकट हाताने ते फुटलं नाही. बाबांच्या त्या हातात एवढी ताकद परत आली होती, आणि मी मेली रस पुसत बसले होते.