मेलेली मरळ

ताईबाई भोईणीला मासा कळतो, हे भडगावात सगळे मानायचे. कल्ला उचलून, पोटाला अंगठा लावून ती सांगायची, हा पहाटेचा, हा कालचा, हा गाळातला, हा वाहत्या पाण्यातला. तिच्या बापाने गिरणेत जाळं टाकलं, सासऱ्याने टाकलं, आणि नवरा लोटन याचीही पन्नाशी त्याच पाण्यात गेली. लग्न होऊन आली तेव्हापासून, म्हणजे तीसेक वर्षं, ती बाजारपेठेच्या टोकाला पाटी घेऊन बसत होती. "मन्या पाटीना मासा खाईसन कोणं पोट दुखनं ते सांगा," असं ती छातीवर हात ठेवून म्हणायची. पुढे एक दिवस असा आला की त्यानंतर हे वाक्य तिच्या तोंडून कोणी ऐकलं नाही.

बाहत्तरच्या दुष्काळात गावाबाहेर लोकांनी माती वाहून एक तलाव बांधला होता. ताईबाईनेही तिथे पाट्या उचलल्या होत्या. पाणी साठलं तसं मच्छीमार सोसायटीने त्यात सरकारी बीज सोडलं: रोहू, कटला, मृगळ. लोटन राखणीला लागला. तलावात शेण टाकायचं, पेंड आणि कोंडा टाकायचा, म्हणजे मासा लवकर वाढतो, असं मासेखात्याच्या साहेबाने शिकवलं होतं. त्याच साहेबाने एकदा चारचौघांत सांगितलं, की हे बीज काढताना मादीला इंजेक्शन देतात, मग ती अंडी घालते. बिचाऱ्याने कौतुकाने सांगितलं, पण ते गावाच्या कानात भलतंच जाऊन बसलं.

साल होतं शहात्तर. त्या उन्हाळ्यात इंजेक्शन हा शब्द नुसता कानावर आला तरी लोक दार लावून घेत. नसबंदीच्या ऑपरेशनवाल्यांची जीप दिसली की तरणे गडी शेतात पळत. अशात कुणीतरी म्हटलं, सरकारने माणसांना धरायचं सोडून माशातच औषध घातलंय. तलावाचा मासा खाल्ला की बाईची कूस बंद होते आणि पोटात असेल ते खाली पडतं. दुसऱ्याने त्यात शेणाची भर घातली. बघता बघता गिऱ्हाईक पाटीसमोर उभं राहून एकच विचारू लागलं, "ताईबाई, तलावना शे का नदीना?"

ताईबाई लोकांना समजावत होती. रोहूचा कल्ला उघडून लालभडक रंग दाखवत होती. आतून मात्र तीच भ्यायली होती. तिचा मुलगा पंडित भुसावळला रेल्वेत गँगमन. त्याची बायको लता हिचे दोन गर्भ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गेले होते आणि आता तिला पाचवा लागला होता. ताईबाईने सुनेला स्वतःजवळ आणून ठेवलं होतं. विहिरीवर जाऊ देत नव्हती, जड उचलू देत नव्हती. आणि ज्या तलावाचा मासा ती दिवसभर लोकांना विकत होती, त्याचा एक तुकडाही तिने लताच्या ताटात पडू दिला नव्हता.

लोटनच्या हे लक्षात आलं होतं. एकदा जेवताना तो म्हणाला, "लोकेसले खावाडस, आन् आपली सूनले नही?"

ताईबाई खाली मान घालून भाकरी थापत राहिली.

चैत्रातली गोष्ट. गिरणा आटून ठिकठिकाणी डोह उरले होते. सकाळी आठच्या सुमाराला तिचा दीर तोताराम दोन पाट्या भरून मासे घेऊन बाजारात आला. तोताराम तलावाला नावं ठेवायचा. नदी सोडून डबक्यावर राखण करणाऱ्या भावाला तो भोई म्हणायलाही तयार नव्हता. पाट्या उतरवत तो म्हणाला, "ले वहिनी, नदीना माल. आते बोलू दे लोकेसले."

मरळ, वाम, शिंगाडा, झिंगे. इतका माल चैत्रात कुणी पाहिला नव्हता. ताईबाईने एक मरळ उचलली आणि तिचा हात थबकला. मरळ हा चिवट जीव. पाण्याबाहेर काढून पाटीत घातली तरी तासन्‌तास वळवळते, कापायच्या आधी डोक्यात दांडका घालावा लागतो. इथे पाटीतल्या आठही मरळी ताठ पडलेल्या होत्या. तोंडं उघडी, कल्ले फाकलेले.

"मरेल कशी रे हाई?"

"ऊन किती शे. मरी गयी व्हई," तोताराम म्हणाला.

ऊन अजून चढलं नव्हतं, हे तिला दिसत होतं. पण समोर गिऱ्हाईक जमलं होतं. कित्येक आठवड्यांनी लोक तिच्या पाटीवर वाकत होते, हसत होते, "आज नदीचा आहे का? मग द्या," म्हणत होते. तिने हातातली मरळ तराजूत ठेवली. त्यातलीच सगळ्यात मोठी वेगळी काढून तोतारामला दिली आणि सांगितलं, जाता जाता घरी लताजवळ दे. पुढे आयुष्यभर ती म्हणायची, माझ्या हाताला कळलं होतं, मीच त्याला गप्प केलं.

दहाच्या सुमाराला माल संपत आला. कोर्टातल्या कारकुनाची बायको पुष्पाबाई घेऊन गेली, सुकदेव शिंपी घेऊन गेला, शाळेतल्या एका मास्तरांकडे गेला, बाकीचा पेठेतल्या ओळखीच्या घरांत गेला. शेवटी एक अनोळखी बाई आली. निळं लुगडं, कोपरापर्यंत गोंदलेलं, कजगावच्या गाडीची घाई. "नदीनाच दे माय, मना घर पाहुना येल शेतस," म्हणाली, आणि मासा पदरात गुंडाळून स्टँडकडे पळाली.

उरली एक वाम. ती घरी न्यावी म्हणून ताईबाईने विळीवर धरून पोट चिरलं. आणि आतून वास आला.

तो वास तिला माहीत होता. निंदणीला जायची तेव्हा कपाशीवर फवारा मारून झाल्यावर तो वास दिवसभर नाकातून जात नसे. रॉकेलसारखा, पण त्याहून कडू. एंड्रिन. गावात ज्याने जीव दिला त्याने तेच पिऊन दिला होता. ताईबाईने वाम खाली ठेवली. हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले. बोटांचा वास जाईना.

मासा घरी देऊन परत आलेला तोताराम समोरच्या हॉटेलात चहा पीत बसला होता. ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"पानीमा काय टाकं तू?"

"काही नही."

"तोताराम, मना पोऱ्यानी आन शे तुले. काय टाकं?"

त्याने कप खाली ठेवला. कपाशीच्या वेळचा उरलेला डबा होता, तो डोहात ओतला, असं तो हळू आवाजात म्हणाला. तासाभरात मासे आपोआप वर आले. आतडी काढली, धुतला, की काही होत नाही, सगळे तसंच करतात, असं त्याला दुसऱ्या गावच्या माणसाने सांगितलं होतं. "घर बी दिधी ना मी मरळ! माले माहीत ऱ्हातं तं देतू का?" एवढं बोलला आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं. त्याचा चेहरा उतरला.

ताईबाई तिथून पळाली. पन्नाशीची बाई, पायात चप्पल नाही, डोईवरचा पदर कुठल्या कुठे. वाटेत शिंप्याचं घर होतं. तिच्या डोळ्यांना ते दिसलंही. पण पाय थांबले नाहीत. ते भोईवाड्याकडेच धावत राहिले.

लता ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. शेजारची कुंदाबाई तिला वारा घालत होती. चुलीजवळ ताट तसंच होतं, अर्धी भाकरी मोडलेली, रश्श्यात मरळीचे काटे.

"आक्का, ओठांना मुंग्या आल्यात," लता म्हणाली. "आणि डोकं कसं तरी होतंय."

ताईबाईने तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ कालवलं आणि सुनेच्या तोंडाला लावलं. घशात बोटं घातली. लता ओकली, रडली, पुन्हा ओकली. पाचव्या महिन्यातलं पोट आवळून आवळून येत होतं आणि प्रत्येक वेळी ताईबाईला वाटत होतं, आता जातंय, आता गेलं. तिने टांगा आणवला. लताला कुंदाबाईच्या मांडीवर घातलं आणि तिघी सरकारी दवाखान्याकडे निघाल्या.

टांगा कोर्टाच्या गल्लीपाशी आला तेव्हा तिला पुष्पाबाईचं दार दिसलं. धुराड्यातून धूर निघत होता. लताचा हात तिच्या हातात होता, तो गार पडला होता. ताईबाईने कुंदाबाईकडे पाहिलं.

"तू हिले ली जाय. डॉक्टरले सांग, एंड्रिन शे. मी उनूच," म्हणाली आणि चालत्या टांग्यातून उतरली.

पुष्पाबाई स्वयंपाकघरात कढई हलवत होती. ताईबाई थेट आत शिरली. "पुष्पाबाई, खाऊ नका. तो मासा परत द्या."

"काय झालं? दुसरं कोणी जास्त देतंय वाटतं?"

"विष आहे त्यात."

"काहीतरीच! नदीचा मासा तो. तूच सांगितलंस ना नदीचा म्हणून? मग?" पुष्पाबाई हसली. "तलावाचा असता तर मी दारातही येऊ दिला नसता."

ताट वाढलेलं होतं. कारकून पाटावर बसून पाहत होते. बोलत बसायला वेळ नव्हता. ताईबाईने पदराने कढईचे कान धरले, कढई उचलली आणि मागच्या मोरीत उपडी केली. पुष्पाबाई किंचाळली. गल्लीतली माणसं धावून आली. कोणी तिला वेडी म्हणालं, कोणी तिच्या जातीवर गेलं. ताईबाईच्या पोळलेल्या मनगटावर फोड उठत होता, ती तशीच पुढे निघाली.

मास्तरांनी आणि पेठेतल्या घरांनी एका शब्दावर मासा काढून दिला. शिंप्याकडे मात्र उशीर झाला होता. सुकदेवची आई घरात सगळ्यांच्या आधी जेवायची. ती जमिनीवर पडून झटके देत होती, दातखीळ बसली होती, आणि सुकदेव तिच्या नाकाशी कांदा धरून बसला होता. मघाशी घरी जाताना थांबले असते तर. हा विचार तिथेच ताईबाईच्या काळजात शिरला आणि मग कधी निघाला नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तोवर पन्नास माणसं जमली होती. म्हातारीला आत नेलं तसा गलका वाढला. "सरकारी मासा! सांगत नव्हतो? इंजेक्शनचा मासा!" कोणी म्हणालं, आता तलावच फोडू. गर्दीच्या कडेला लोटन उभा होता, तलावावरून धावत आलेला, चिखलाने भरलेला. लोक त्याच्याकडेच बघत होते.

डॉक्टर बाहेर आले. "मासा तलावाचा होता का? आधी ते नीट सांगा."

गर्दीच्या मागे तोतारामही होता. त्याने ताईबाईकडे पाहून हात जोडले. गप्प बसली असती तर कोणालाच कळलं नसतं. बोट आधीच तलावाकडे वळलेलं होतं.

"नदीचा होता, साहेब," ताईबाई म्हणाली. मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून तिने पुन्हा सांगितलं. "नदीचा. मन्या देरने डोहमा एंड्रिन टाकं. आन् मी ईकं."

लोटनने तिच्याकडे पाहिलं आणि मग खाली बसला.

लताला तीन दिवस दवाखान्यात ठेवलं. पहिल्या रात्री तिला एकदा झटका आला, मग आला नाही. पोटातलं मूल टिकलं. सुकदेवची आई जगली, पण तिचा उजवा हात पुढे कायम थरथरत राहिला. वयाने थरथरतो की त्या दिवसामुळे, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत. तोतारामला पोलिसांनी नेलं. सुटल्यावर तो बायकोपोरांना घेऊन सुरतेला निघून गेला, भावाला न भेटता. लोटनने बायकोला एका शब्दाने दोष दिला नाही. पण आठ दिवस तो तलावावरच झोपायला गेला.

भडगावात त्या उन्हाळ्यात मासाच कोणी खाल्ला नाही, ना नदीचा ना तलावाचा. बाजार पुन्हा भरायला लागला तेव्हा ताईबाई पाटी सोडून पाण्याचं घंगाळ घेऊन बसू लागली. त्यात तलावाचे जिवंत रोहू असायचे. मेलेला मासा ती हातात घेत नसे, मग तो कुठलाही असो. लताने तलावाचा मासा त्या घरात पहिल्यांदा खाल्ला तो सातव्या महिन्यात, स्वतः मागून. ताईबाई समोर बसून तिचा घास गिळला जाताना पाहत होती.

श्रावणात मुलगी झाली. सुईण म्हणाली, ठणठणीत आहे. तरी पोरीला साधा ताप भरला तरी ताईबाई रात्रभर तिच्या हातापायांवर हात ठेवून बसायची, झटका येतो की काय म्हणून. पोर पाच वर्षांची होईपर्यंत हे चाललं.

आणि कजगावच्या बाजाराला जायचं तिने सोडलं नाही. विकायला काही नसायचं, घ्यायलाही नसायचं. त्या दिवशीच्या गाडीच्या कंडक्टरला तिने विचारून झालं होतं, वाटेवरच्या खेड्यांत विचारून झालं होतं. चैत्रात कोणाकडे पाहुण्यांसकट सगळं घर आजारी पडलं होतं का? कोणी मेलं का? कोणी काही ऐकलं नव्हतं. ऐकलं नाही म्हणजे झालं नाही, असं लोटन म्हणायचा. ताईबाई त्याला हो म्हणायची, आणि बाजारातल्या बायांच्या गोंदलेल्या हातांकडे बघत एकेका ओळीतून पुढे चालत राहायची.