पायगुणाचे चार चौकोन

काका कानामागची पेन्सिल काढून हवेत उभी धरायचे. आमचा आरडाओरडा थांबेपर्यंत ती तशीच. मग विचारायचे, "नुसत्या योगायोगाने किती झालं असतं?"

ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या आमच्या मराठी क्रिकेट टीमचे ते स्कोअरर. उमेदीची वर्षं पोलादाचे नमुने तपासण्यात गेलेली. सलग चार टॉस हरलो म्हणून मी नाणं बदलायला निघालो, तर म्हणाले, "नाण्याला माहीत तरी आहे का, तू कॅप्टन आहेस ते?" त्यांच्या स्कोअरबुकात धावांइतक्याच निष्ठेने चहाबरोबरचं खाणंही लिहिलेलं असे.

आता माझा गुन्हा ऐका. आमच्या ओपनरची, तेजसची, बायको मधुरा पुण्याहून नवी आलेली. मॅचला यायची ती साबुदाणा वड्यांचा डबा घेऊनच. एकदा हरल्यावर मी, तोंडात तिचाच वडा असताना, म्हणालो, "वडे फर्स्टक्लास, पण मधुरा, तुझा पायगुण तपासायला हवा!" सगळे हसले. तीही हसली. पुढच्या पराभवानंतर दुसऱ्या कुणीतरी तेच म्हटलं. मग ती यायचीच बंद झाली.

"दिवसभर फ्लॅटमध्ये एकटी बसते रे," तेजस म्हणाला. "पुण्याला परत जाते म्हणते."

काका मला जवळजवळ कान धरूनच तिच्याकडे घेऊन गेले. कागदावर चार चौकोन आखले. स्कोअरबुकात वडे दिसले की मधुरा हजर, नाहीतर गैरहजर.

"तू होतीस त्या बारा मॅच. पाच जिंकलो, सात हरलो. नव्हतीस त्याही बारा. सात जिंकलो, पाच हरलो."

"बघा!" मी म्हणालो. पेन्सिल वर गेली.

"चोवीसपैकी निम्म्या जिंकल्या. पायगुण नसताच, तर प्रत्येक चौकोनात किती हव्या होत्या?"

"सहा," मधुरा म्हणाली.

"फरक?"

"एक. चारही ठिकाणी."

"त्याचा वर्ग कर, सहाने भाग. चारही उत्तरांची बेरीज?"

"पॉइंट सिक्स सेव्हन."

"हा झाला संख्याशास्त्रातला काय-स्क्वेअर. चार चौकोनांना ३.८४च्या वर गेला, तर मी भुवई उचलतो. एवढासा फरक योगायोगाने सहज पडतो."

"म्हणजे पायगुण नाही?"

"तसं सिद्ध झालं नाही. पण आहे म्हणायला या कॅप्टनकडे काडीचा पुरावा नाही." मग माझ्याकडे वळून, "सॉरी म्हण."

म्हणालो. मनापासून.

पुढच्या शनिवारी ती आली. आणि मंडळी, आम्ही हरलो! कुणी बुटाची नाडी बांधू लागलं, कुणी पोर्ट केंब्लाच्या पोलाद कारखान्याच्या धुराड्यांकडे बघू लागलं. काकांनी शांतपणे तो चौकोनांचा कागद काढला, तिच्या हजेरीतल्या पराभवांचे साताचे आठ केले आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. तिने अपेक्षित आकडे नव्याने काढले, भागाकार केले, आणि मैदानभर ऐकू जाईल अशी ओरडली, "काका, बेरीज अजून एकसुद्धा भरत नाही!" डबा उघडला. तेजसने पहिला वडा मला दिला. त्याने मला माफ केलं, असं मी धरून चालतो.

काका आता मुलीकडे, कॅनबेरातल्या गुंगालिनला असतात. फोनवर तिथल्या थंडीला शिव्या घालतात. त्यांच्या खुर्चीत मधुरा बसते.

गेल्या शनिवारी एक नवा मुलगा खेळायला आला आणि आमचे तीन कॅच सुटले. मी त्याच्याकडे बघत नुसतं तोंड उघडलं होतं.

खुर्चीतून एक पेन्सिल हवेत उभी राहिली.