जावयानं जाळलेला पाक

गुऱ्हाळावर पाक कधी उतरायचा हे गुळव्या ठरवतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, ऐन हंगामात, कोरेगावाकडच्या माझ्या सासऱ्यांचा गुळव्या औंधच्या यात्रेला गेला आणि मी, नवा जावई, छाती काढून म्हणालो, "मी बघतो की." पाण्यात थेंब टाकायचा आणि त्याची गोळी वळली की पाकाची मोठी काहील चुलीवरून उतरायची, एवढंच तर काम. पण जमलेल्यांना पुण्याच्या गप्पा सांगण्यात मी असा रंगलो, की पाक करपून काळा झाला. सगळे माझ्याकडे बघायला लागले, तसं मी चुलीत जाळ घालणाऱ्या म्हाताऱ्याकडे बोट केलं.

"ह्यानं जाळ लय घातला."

सासऱ्यांनी त्याला तिथल्या तिथं हाकललं. त्या वयात त्याला दुसरं गुऱ्हाळ कोण देणार होतं?

दुसऱ्या दिवशी जेवताना मला राहवेना. "मामा, चूक माझी होती."

त्यांनी भाकरी कुस्करत सांगितलं, "ठावं हाय. मी मागंच हुबा हुतो."

"मग त्याला का काढलं?"

"कुणाला तरी काढायला पायजेल हुतं, पावणं. जावयाला काढता येत न्हाई."

"आता बोलवा त्याला परत."

"बोलवला तर तुमी गावात खोटं पडताय. आमची लेक दिलीया तुमाला. जेवा."

मग मी ताटावरून उठून म्हाताऱ्याच्या घरी गेलो आणि त्याचे पाय धरले, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत आलो. खरं म्हणजे मी आणखी रस्सा मागून घेतला.