आत्यांची साखरेची वाटी

माझ्या बायकोच्या आत्यांइतकी मागती बाई अख्ख्या न्यूझीलंडमध्ये शोधून सापडायची नाही. त्या आमच्याकडेच राहतात आणि घरात कशाची म्हणून ददात नाही. मी फार्मासिस्ट, बायको बँकेत, माउंट वेलिंग्टनला स्वतःचं घर, पँट्रीत साखरेचं पोतं. पण गल्लीत कुणी नवं राहायला आलं रे आलं, की आत्या साडीवर कार्डिगन चढवून, पायांत जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता, सरकवून, स्टीलची वाटी घेऊन निघाल्याच! आधी माओरी नमस्कार, मग मागणं: "किया ओरा! थोडी साखर मिळेल?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "अहो आत्या, जावई उपाशी ठेवतो म्हणतील लोक!" त्यावर त्या शांतपणे म्हणायच्या, "म्हणू देत. जावईबापू, द्यायला गेलं की माणूस थँक्यू म्हणून दार लावून घेतो. मागायला गेलं की आत बोलावतो." शिवाय वाटी रिकामी परत करायची नाही हा आपला रिवाज. त्यामुळे साखर आणलेल्या वाटीतून शिरा जायचा, कधी शेजाऱ्यांची वाटी इकडे यायची ती स्कोन्स घेऊन. सगळी गल्ली त्यांना 'आट्या' म्हणायची.

आत्यांनी मुंबईच्या कॉलेजात जन्मभर समाजकार्य शिकवलं, लग्न केलं नाही, माझ्या बायकोला लहानाचं मोठं केलं. सासर नव्हतं, त्याची कसर त्यांनी अमेरिकेतल्या जुन्या समाजसेविकांवर भरून काढली. मोठ्यांची नावं घेत नाहीत म्हणून 'आमच्या शिकागोच्या बाई' आणि 'न्यूयॉर्कच्या नर्सबाई'. या बायका जाऊन जमाना झाला, पण आत्या त्यांच्याबद्दल अशा बोलायच्या, जणू कालच फोन झालाय. शिकागोच्या बाई खात्यापित्या घरच्या, पण परदेशातून आलेल्या गरिबांच्या वस्तीत शेजारीण म्हणून राहायला गेल्या, आणि गल्लीतला कचरा उचलेनात म्हणून स्वतः इन्स्पेक्टर होऊन पहाटे गाड्यांमागून फिरल्या. झालं! आमच्याकडे कचऱ्याची गाडी यायच्या दिवशी आत्या सकाळीच फुटपाथवर हजर. पिवळ्या झाकणाच्या रिसायकलिंगच्या डब्यात कुणी भलतंच टाकलंय का, हे त्या वाकवाकून बघायच्या. ट्रकवाला सामोअन गडी वरूनच ओरडायचा, "ऑल गुड, आट्या?" आणि त्या इथल्या पोरांसारखं, "स्वीट ऍज!" म्हणजे एकदम झकास.

नर्सबाईंनी मात्र घात केला. त्यांच्या हाताखालच्या नर्सेस जिने चढउतार करण्यात वेळ जातो म्हणून गच्चीवरून गच्चीवर जात आणि आजाऱ्यांची घरं गाठत. आमच्या शेजारच्या ग्रॅहमची बायको गेली आणि म्हाताऱ्यानं दार उघडणंच सोडलं. आत्यांनी पुढच्या दारावर खूप थापा मारल्या, मग सरळ वाटी घेऊन मागच्या कुंपणावर चढल्या. या वयात! वाटी पलीकडे पडली, आत्या अलीकडे. खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन चांगलं झालं. घरी आल्या तेव्हा गल्लीतून कॅसरोल आले, फुलं आली, पाव्हलोवा केक आला. आत्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. फिजिओथेरपिस्ट मुलगी बजावून गेली, आता चालल्या नाहीत तर कायमच्या खुर्चीत बसतील. बायको रडली, मी हाता-पाया पडलो, शेवटी चिडलोसुद्धा. आत्या एवढंच म्हणाल्या, "पोरांना जन्मभर शिकवलं, माणसाची केस करू नका. आता मीच केस झाले." मला फार भीती वाटली. ही बाई आता उठायची नाही, असंच वाटलं.

शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात ग्रॅहम. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, हातात आमचीच वाटी, घासून लख्ख केलेली.

"साखर संपलीय," तो म्हणाला.

दर महिन्याला डायबिटीसच्या गोळ्या माझ्याच काउंटरवरून नेणारा माणूस! मी थक्क होऊन वाटी घ्यायला हात पुढे केला, तर त्यानं ती मागे घेतली. "नो मेट. मी आट्यांकडे मागतोय."

आत्यांनी मान वळवली. आधी वाटीकडे, मग त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "जावईबापू, तो वॉकर आणा इकडे."

पँट्री आमच्या घरात अशी लांब आहे हे मला त्या दिवशी कळलं. बायको धरायला धावली, तिला त्यांनी डोळ्यांनीच थांबवलं. वाटी भरताना साखर सांडली, पण वाटी शिगोशीग भरली. ग्रॅहमनं ती दोन्ही हातांनी घेतली. "थँक्स हीप्स, आट्या."

तो गेल्यावर मी म्हणालो, "अहो, त्याला डायबिटीस आहे."

"ठाऊक आहे. त्याच्या बायकोनंच सांगितलं होतं."

"मग दिलीत कशी?"

"त्याला साखर कुठे हवी होती?" आत्या म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसले. मग लगेच, "आता वाटी परत करायला यावं लागेल त्याला."

आला. वाटीत त्याच्या झाडाची फिजोआची फळं होती.

आत्या आता काठी घेऊन फाटकापर्यंत जातात. पुढे पाय निघत नाही. कचऱ्याची गाडी गेली तरी तिथेच उभ्या राहतात, वळणाकडे बघत. मी हाक मारत नाही. परवा वळणापलीकडच्या घरात नाशिकचं एक जोडपं राहायला आलं, नर्स आहेत दोघंही. आत्यांनी वाटी काढली, फाटकापर्यंत गेल्या आणि थांबल्या. मीच त्यांच्या हातातून वाटी घेतली.

दार त्या मुलीनं उघडलं. मागे खोक्यांचा ढीग होता. "किया ओरा," मी म्हणालो, "आम्ही तुमचे शेजारी." पुढे साखर मागायची होती, पण मला मागायची सवय कुठे! मी नुसती वाटीच पुढे केली.