मामेबहिणीच्या पेशी

जगात पुढे जाण्यासाठी धडपडणारी माणसं पैशाला पासरी मिळतात. मागे जाण्याचं शिक्षण घेऊन, मागे जाण्याची नोकरी धरून, उठल्यापासून झोपेपर्यंत मागेच जाऊ पाहणारी बाई मी आजवर एकच पाहिली, आणि ती माझी मामेबहीण आहे. ती पेणला जन्मली, पेणलाच शिकली, आणि आता पुण्याच्या एका प्रयोगशाळेत माणसाच्या मूळपेशी सांभाळते. मूळपेशी म्हणजे ज्यांचं पुढे हाड होणार, कातडं होणार की काळीज, हे अजून ठरलेलं नसतं त्या. तुम्ही आम्ही म्हणू, नसेना ठरलेलं, बरंच आहे. पण हिचं तेवढ्यावर भागत नव्हतं. काचेच्या बशीत वाढणाऱ्या या पेशी तिच्या मते थोड्या जाणत्या झालेल्या असतात. हिला त्यांना आणखी काही दिवस मागे, अगदी अजाण वयात न्यायचं होतं.

या पेशींना रोज खाऊ घालावं लागतं. बशीतलं जुनं पोषक पाणी काढायचं, नवं घालायचं. दिवाळी असो की सुतक. सख्ख्या भावाच्या लग्नात ही हळद खेळली, तोंड धुतलं आणि पेण स्टँडवरून पुण्याची एसटी धरली. दुसऱ्या दिवशी परतली तेव्हा शेवटची मंगलाष्टका चालू होती, अंगावर पैठणी होती आणि डोक्यावर प्रयोगशाळेतली जाळीची टोपी तशीच राहिली होती. मुलीकडच्या एका बाईंनी हळूच विचारलं, "घरी तान्हं बाळ हाय काय हिचं?" तेव्हा माझी मामी अक्षतांचं ताट सावरत म्हणाली, "बाळ नाय, पेशी हायत. पण बाळ परवडलं. ते निदान कधीतरी मोठं होतं. ही आपली त्यांना उलटी धाकटी करत बसते."

समजावून सांगण्याचं तर तिला व्यसनच. समोरच्याला समजलं नाही तर दोष आपला, असं ती मानते, आणि म्हणून समोरच्याची सुटका नसते. एकदा आम्ही पेणहून रोह्याला गाडीने येत होतो. समोर डोलवीच्या कंपनीतून शिफ्ट करून निघालेला एक गृहस्थ बसला होता. "ताई, काय करता आपण?" एवढंच त्याने विचारलं. बिचाऱ्याला नागोठण्याला उतरायचं होतं, तो रोह्यापर्यंत आला. पण ऐकत होता मन लावून. शेवटी म्हणाला, "म्हणजे परमनंट झालेल्याला परत ट्रेनी करायचं, असंच ना?"

"नाही हो!" ही आनंदाने उसळली. "आहेत ट्रेनीच, पण चार दिवस काम बघून झालंय, कुठल्या खात्यात जायचं ते मनात घोळायला लागलंय. मला त्यांना पहिल्या दिवशी गेटवर उभे होते तसं करायचंय."

"मग नाय व्हायचं ताई," तो उतरता उतरता म्हणाला. "एकदा कँटीन कळलं की माणूस परत तसा होत नाय."

आणि खरंच होत नव्हतं. जाणत्या पेशींचा पुंजका घावनासारखा पसरट असतो आणि अजाण पेशींचा पुंजका गोल, फुगीर, चमकदार, एवढं मलाही कळायला लागलं होतं, कारण ती मोबाइलमधले फोटो लोकांनी नातवंडांचे दाखवावेत तसे दाखवायची. सगळे करडे, सगळे पसरट. मामी म्हणायची, "जरा उजेडात काढायचा गो फोटो." वर्षं गेली. कधी पेशी मरायच्या, कधी दोन दिवस फुगायच्या आणि माहेरपण संपल्यासारख्या पुन्हा पसरट होऊन बसायच्या. अखेर तिच्या साहेबांनी सांगितलं, आता हा विषय आवरा, दुसरा घ्या.

त्या आठवड्यात ती रोह्याशेजारच्या अष्टमी गावी, आमच्या घरी आली. आल्यापासून तिने कोणालाही काहीही समजावून सांगितलं नाही, तेव्हाच मी घाबरलो. माझी बायको मोड आलेले वाल सोलत बसली होती. तिने ताट पुढे सरकवलं. दोघी सोलू लागल्या. थोड्या वेळाने बायको म्हणाली, "एवढं मागं जाऊन बघायचंय तरी काय गो तुला?"

"गर्भाचे पहिले काही दिवस, वहिनी. पिशवीत रुजायच्याही आधीचे. तिथे डोकावता येत नाही कोणाला. अशा पेशी मिळाल्या तर बशीत थोडंफार कळेल. कितीतरी गर्भ तेव्हाच जातात."

बायकोचे हात थांबले. आमचंही असंच गेलं होतं, एकदा नव्हे. शेवटच्या वेळी आमच्यातल्या एका म्हातारीने चारचौघांत निदान केलं होतं, आणि बायकोने ते उलट उत्तर न देता इतकी वर्षं जवळ ठेवलं होतं.

"मी भरलेला हंडा उचलला होता," ती म्हणाली.

"हंड्याचा काही संबंध नाही." मामेबहिणीचा आवाज एकदम चढला. "इतक्या लवकर जातं ना, तेव्हा बहुतेक वेळा पेशींत गुणसूत्रांची वाटणीच चुकलेली असते. अगदी सुरुवातीला. तू त्या दिवशी हंडा उचलला असतास काय आणि फूल उचललं असतंस काय!"

बायकोने हातातला वाल ताटात टाकला. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "हे तुला ठाव हाय, तर सोडतेस कशाला? साहेबाला सांग, अजून थोडे दिवस दे म्हणावं." आणि वालाच्या बिरड्याचा डबा हातात देऊन तिने तिला दुसऱ्याच दिवशी पुण्याला पिटाळलं.

साहेबांकडून तिने मुदत कशी मिळवली कोण जाणे. मला वाटतं, समजावून सांगितलं असणार आणि त्यांना घरी जायचं असणार. तिने पोषक पाण्यातलं एक रसायन कमी केलं, पेशींच्या बश्या ठेवायच्या उबदार पेटीतला प्राणवायू उतरवला, आणि पुन्हा खाऊ घालत बसली. काही महिन्यांनी मी माझ्या दुकानात असताना तिचा फोन आला. "दादा, फुगल्या! आणि फुगलेल्याच राहिल्या!" मी म्हटलं, "तेल चांगलं तापलं असेल." पलीकडून हसण्याचा आणि रडण्याचा असा एकत्र आवाज आला की पुऱ्यांचा विषय नसावा हे माझ्या ध्यानात आलं. पुढे दुसऱ्यांनीही त्या पेशी तपासल्या. खरंच मागे गेल्या होत्या.

मग ती आम्हाला पुण्याला घेऊन गेली. मी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. गोल, चमकदार, दवाच्या थेंबांसारखे पुंजके. बायकोने चष्मा काढून मामेबहिणीच्या हातात दिला आणि डोळा लावला.

"किती नितळ हायत गो," ती म्हणाली. आणि मग, "यांचं बाळ नाय ना व्हायचं?"

"नाही वहिनी. पण कुठे चुकतं ते यांच्याकडून हळूहळू कळेल. तुला मात्र उशीर..."

"असू दे. कोणाला तरी वेळेवर कळंल."

ती डोळा काढेना. मागे दुसऱ्या कोणाला तरी ते यंत्र हवं होतं. तो खोकला, घुटमळला. चष्मा हातात धरून उभ्या असलेल्या माझ्या मामेबहिणीने त्याला नुसत्या हातानेच खूण केली, थांब जरा.